कुलूप झकास, पण किल्ली कोणाकडे?

गेल्या सेमिस्टरला, सबमिशनच्या बरोब्बर आठ दिवस आधी, आमच्या रूममधला एक लॅपटॉप वारला. संध्याकाळी लाईट गेली, आली, परत गेली, परत आली, आणि या येण्या-जाण्यात माझ्या रूममेटच्या लॅपटॉपचा मदरबोर्ड जळाला. (चार्जर लावून मेसला जाऊ नका, हा या लेखातला पहिला फुकट सल्ला!) दुकानदारकाकांनी बोर्ड बदलून दिला. डिस्क ठणठणीत होती. आम्ही म्हटलं, चला, प्रोजेक्ट वाचला! मशीन चालू केलं, तर स्क्रीनवर एकच मागणी: रिकव्हरी की टाका.

"कुठली की?" ती म्हणाली. "अगं, मी कधी कुलूपच लावलं नव्हतं!"

कुलूप लागलेलं होतं. आपोआप. डिस्कवरचा सगळा डेटा एन्क्रिप्ट झालेला होता आणि तो उघडणारी किल्ली जुन्या मदरबोर्डवरच्या चिपमध्ये होती. म्हणजे भंगारात. दुसरी किल्ली म्हणजे तो लांबलचक आकडा. लॅपटॉप घेतला त्या दिवशी दुकानात ज्या ईमेलने खातं उघडलं, त्या खात्यात तो असणार. कोणाचा ईमेल होता तो? "ताई, दिवसाला दहा मशीन सेट करतो, कुठला टाकला ते कसं आठवणार?" हे उत्तर मिळालं. चार महिन्यांचा प्रोजेक्ट गेला. तो आम्ही चौघींनी रात्री जागून कसाबसा परत उभा केला. पण तिच्या आजीचे शेवटच्या दिवाळीतले फोटो होते, ते कोण उभे करणार?

त्या दिवसापासून आमच्या विंगमध्ये एक मत पक्कं झालं: ते एन्क्रिप्शन-बिन्क्रिप्शन बंद करून टाका, नसती ब्याद! मित्रांनो, मला हे मत मान्य नाही. चूक कुलपाची नव्हती. किल्ली कोणाकडे आहे हे कोणालाच माहीत नव्हतं, ही चूक होती. आणि हा फरक नीट कळायचा असेल तर थोडं खोलात, म्हणजे थेट ऑपरेटिंग सिस्टिमच्या कर्नेलपर्यंत जावं लागतं. (कर्नेल, लष्करातला कर्नल नव्हे. तरी दोघांचं काम सारखंच, सगळ्यांवर हुकूम चालवणं.)

आधी एक गैरसमज दूर करूया. "माझ्या लॅपटॉपला पासवर्ड आहे की!" असं बहुतेक जण म्हणतात. लॉगिनचा पासवर्ड म्हणजे एन्क्रिप्शन नव्हे. विंगमधल्या एका मैत्रिणीचा जुना लॅपटॉप होता, तिच्या परवानगीनेच आम्ही त्याची डिस्क काढली, एका साध्या यूएसबी केसिंगमध्ये घातली आणि माझ्या मशीनला लावली. पासवर्ड कोणी विचारलाच नाही. आधार कार्डाचं स्कॅन, बँकेच्या पासबुकाचा फोटो, इन्स्टाग्रामवर कधीच न टाकलेले फोटो, सगळं समोर. तिचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. लॉगिनचा पासवर्ड म्हणजे पुढच्या दारावरचा वॉचमन. चोर मागच्या भिंतीवरून आला तर वॉचमन काय करणार? एन्क्रिप्शन केलं असेल तर मात्र चोराला डिस्क मिळूनही हाती फक्त कचरा लागतो.

मग प्रश्न उरतो तो किल्लीचा. एन्क्रिप्शनचं गणित आज इतकं मजबूत आहे की २५६ बिटची एईएस किल्ली अंदाजाने शोधणं कोणाच्या बापाला शक्य नाही. म्हणून शहाणा चोर कुलूप फोडत बसत नाही, तो किल्ली शोधतो. आणि आपण ती कुठे ठेवतो? त्याच डिस्कवरच्या एका फाईलमध्ये! म्हणजे घराला भारी कुलूप लावायचं आणि किल्ली पायपुसण्याखाली ठेवायची.

बरं, फाईलमध्ये नको, पासफ्रेज डोक्यात ठेवू. लॅपटॉपला हे चालतं. पण कॉलेजच्या सर्व्हरचं काय? रात्री तीनला लाईट जाते, यूपीएस दम सोडतो, पहाटे सर्व्हर परत चालू होतो आणि पासफ्रेज मागत बसतो. ती टाकायला लॅब असिस्टंट सरांनी पहाटे यायचं का? ते येणार नाहीत, आणि मग पासफ्रेज एका चिठ्ठीवर लिहून मॉनिटरला चिकटवली जाईल. हे मी कल्पनेने लिहीत नाहीये, आजूबाजूला बघा.

या कोंडीवर लिनक्सच्या कर्नेलने काढलेली वाट मला फार आवडली, आणि हा लेख लिहायचं खरं कारण तेच आहे. किल्ल्या सांभाळण्यासाठी कर्नेलमध्ये एक वेगळी सोय, म्हणजे की-रिंग, २००४ मधल्या २.६.१० आवृत्तीपासून आहे. किल्ल्यांचा जुडगाच म्हणा ना. पण त्यात ठेवलेली साधी किल्ली वापरणाऱ्याला वाचता येते, आणि मशीन बंद झालं की जुडगा रिकामा. मग किल्ली परत आणायची कुठून? मार्च २०११ मध्ये आलेल्या २.६.३८ आवृत्तीत दोन नवे प्रकार जोडले गेले: ट्रस्टेड की आणि एन्क्रिप्टेड की.

ट्रस्टेड की अशी चालते. मदरबोर्डवर टीपीएम नावाची एक छोटी चिप असते. तिच्या आत एक मूळ किल्ली असते आणि ती चिपच्या बाहेर कधीच येत नाही. कर्नेल एक रँडम किल्ली तयार करून घेतो, ३२ ते १२८ बाइटची. चिप ती आपल्या मूळ किल्लीने सीलबंद करते. आपल्याला, म्हणजे कर्नेलबाहेरच्या जगाला, दिसतं ते फक्त सीलबंद पाकीट: आकडे आणि अक्षरांची एक अगम्य लांब ओळ. हे पाकीट डिस्कवर खुशाल ठेवा. चोराने नेलं तरी ते फक्त त्याच चिपपुढे उघडतं, दुसऱ्या मशीनवर नाही. सर्व्हर पहाटे चालू झाला की पाकीट चिपला दिलं जातं, उघडलेली किल्ली कर्नेलकडे येते आणि काम सुरू होतं. मधल्या माणसाला किल्ली दिसतच नाही, मग तो चिठ्ठीवर काय लिहिणार?

आणखी एक गंमत आहे. टीपीएममध्ये पीसीआर नावाचे रजिस्टर असतात. मशीन चालू होताना प्रत्येक टप्प्यावर, बायोस, बूटलोडर, कर्नेल, यांचं मोजमाप घेऊन ते जुन्या किमतीत मिसळून नवीन हॅश काढला जातो. या रजिस्टरमध्ये आपल्याला हवी ती किंमत लिहिता येत नाही, आधीच्या किमतीत फक्त भर घालता येते. आता पाकीट सील करताना 'रजिस्टरची किंमत अमुक असेल तरच उघड' अशी अट घालता येते. कोणी मध्येच कर्नेल बदलून आपला खोटा कर्नेल घुसवला, तर किंमत जुळत नाही आणि चिप सरळ नकार देते. घरातली माणसं बदललेली दिसली तर तिजोरी न उघडणारा जुना दिवाणजीच जणू.

एन्क्रिप्टेड की हा धाकटा भाऊ. त्याला चिप लागत नाही. कर्नेल स्वतः किल्ली बनवतो आणि दुसऱ्या एका मास्टर किल्लीने बंद करतो. मास्टर किल्ली ट्रस्टेड असेल तर उत्तम. ती साधीच असेल तर धाकट्याची ताकदही तेवढीच, बेताची.

आता थोडं विषयांतर वाटेल, पण ते नाहीये. आपल्याच जिल्ह्यात, नेवासा तालुक्यात, शनिशिंगणापूर आहे. फर्स्ट इयरला आम्ही चौघी एसटीने घोडेगावला उतरून तिथे गेलो होतो. घरांना चौकटी आहेत, दारं नाहीत. कपाटाला कुलूप नाही. शनिदेव राखण करतो ही गावाची श्रद्धा. माझ्यासारख्या, पेटीला गोदरेजचं कुलूप लावून वर पेटी पलंगाला साखळीने बांधणाऱ्या हॉस्टेलाइटला ते सगळं स्वप्नासारखं वाटलं.

पण नीट बघितलं तर शिंगणापूर आपल्याला आणखी काही सांगतं. गावातल्या माणसांचा एकमेकांवर आणि देवावर विश्वास आहे, म्हणून गाव चालतं. बाहेरची माणसं आली की गणित बदलतं. २०१० मध्ये एका भाविकाने गाडीतून ऐवज चोरीला गेल्याची तक्रार केली. २०१५ मध्ये गावात पोलीस ठाणं सुरू झालं. आणि जानेवारी २०११ मध्ये युको बँकेने तिथे शाखा उघडली, 'बिनकुलपाची बँक' म्हणून ती देशभर गाजली. प्रत्यक्षात तिला काचेचं दार होतं आणि त्याला सहज नजरेत न येणारं, रिमोटवर चालणारं इलेक्ट्रोमॅग्नेटिक कुलूप. मला यात ढोंग वाटत नाही. बँकेने गावाच्या श्रद्धेचा मानही राखला आणि जबाबदारीही. कारण स्वतःचे पैसे श्रद्धेवर उघडे ठेवायचा हक्क प्रत्येकाला आहे, दुसऱ्याचे पैसे ठेवायचा नाही. योगायोग बघा, ही शाखा उघडल्यावर दोनच महिन्यांनी ट्रस्टेड की असलेला कर्नेल आला. तिथेही तेच: बाहेरून किल्ली कुठे दिसत नाही, पण कुलूप पक्कं असतं.

हा लेख मराठीत लिहायला बसले तेव्हा 'ट्रस्टेड'ला शब्द सापडेना. कॉन्व्हेंटमध्ये शिकल्याचे परिणाम! मी आधी 'विश्वासू' लिहिलं. आजोबांना फोनवर वाचून दाखवलं तर म्हणाले, "बाळा, विश्वासू वेगळा आणि विश्वस्त वेगळा. विश्वासू नोकर असतो. विश्वस्त म्हणजे ट्रस्टी. दुसऱ्याची मालमत्ता त्याच्यासाठी सांभाळणारा. त्याला हिशोब द्यावा लागतो."

फोन ठेवला आणि मला माझा मुद्दाच सापडला. ही चिप नुसती विश्वासू असून चालणार नाही, ती विश्वस्त हवी. विश्वस्ताच्या तीन गोष्टी असतात. एक, मालमत्ता त्याची नसते. दोन, त्याला हिशोब मागता येतो. तीन, तो बहुधा एकटा नसतो, मंडळ असतं. एक विश्वस्त गेला म्हणून देवस्थान बुडत नाही.

या तीन कसोट्या लावून बघूया. पहिली, मालक कोण? २००२ मध्ये रिचर्ड स्टॉलमन यांनी या सगळ्या तंत्रज्ञानाला 'विश्वासघातकी' म्हटलं होतं, कारण हीच चिप वापरून कंपनी तुमच्याच मशीनवर तुम्हालाच बंदी घालू शकते, अशी त्यांना भीती होती. भीती खोटी नव्हती. चिप तीच, फरक इतकाच की अट कोण घालतो. लिनक्सच्या ट्रस्टेड कीमध्ये किल्ली कशाला बांधायची, कोणत्या पीसीआरला बांधायची, बांधायची की नाही, हे मशीनचा मालक ठरवतो. माझ्या रूममेटच्या लॅपटॉपवर ते तिला कोणी विचारलंच नव्हतं. मालक ती, पण किल्लीचा कारभार तिसऱ्याच्याच हाती.

दुसरी, हिशोब. कर्नेलचा कोड कोणीही वाचू शकतो. चिपच्या आतलं मात्र दिसत नाही. २०१७ मध्ये इन्फिनिऑन कंपनीच्या चिपमध्ये 'रोका' नावाचा दोष सापडला. त्या चिप बनवत असलेल्या आरएसए किल्ल्या कमकुवत निघाल्या. अनेक लॅपटॉपमधल्या टीपीएमवर त्याचा परिणाम झाला आणि एस्टोनिया देशातली साधारण साडेसात लाख ओळखपत्रं अडचणीत आली. म्हणून एकाच चिपवर डोळे झाकून विसंबणं बरोबर नाही. कर्नेलनेही हे ओळखलंय. २०२१ मध्ये ५.१३ आवृत्तीपासून टीपीएमऐवजी प्रोसेसरमधला सुरक्षित कप्पा म्हणजे टीईई वापरता येतो, २०२२ मध्ये एनएक्सपीच्या प्रोसेसरमधलं 'काम' इंजिन आलं, २०२४ मध्ये 'डीसीपी' आलं. विश्वस्त बदलायची मुभा आहे, ही मोठी गोष्ट.

तिसरी, मंडळ. इथेच आपण सगळे नापास! चिप एकटी ठेवली तर बोर्ड जळाला की सगळं गेलं. नुसता बायोस अपडेट केला तरी पीसीआरच्या किमती बदलतात आणि चिप आपल्यालाच ओळखत नाही. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइकच्या एका सदोष अपडेटने जगभरातली सुमारे ८५ लाख विंडोज मशीन बंद पाडली, आपल्याकडे विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. त्या दिवशी बऱ्याच कंपन्यांना मशीन दुरुस्त करण्यासाठी आधी रिकव्हरी की शोधाव्या लागल्या, आणि काही ठिकाणी त्या ज्या सर्व्हरवर होत्या तेही बंद पडलेले. म्हणजे किल्ली कुलपाच्या आत!

प्रामाणिकपणे सांगायचं तर या पद्धतीतही भोकं आहेत. पाकीट उघडल्यावर किल्ली कर्नेलच्या मेमरीत असते, तेवढा वेळ ती उघडीच. २००८ मध्ये प्रिन्स्टनच्या संशोधकांनी दाखवलं की रॅमची वीज गेल्यावरही डेटा काही सेकंद ते मिनिटं टिकतो आणि तेवढ्यात किल्ली काढता येते. २०२४ मध्ये एकाने रास्पबेरी पाय पिको लावून, चिप आणि प्रोसेसर यांच्यामधल्या तारांवरून जाणारी बिटलॉकरची किल्ली एका मिनिटाच्या आत टिपून दाखवली. यावर उपाय म्हणजे चिपसोबत एक पिनही मागणं. बँकेचा लॉकर आठवा: एक किल्ली बँकेची, एक आपली, दोन्ही लागल्याशिवाय उघडत नाही. पण भोकं आहेत म्हणून कुलूपच नको, हे म्हणजे छत्रीतून थोडं भिजतो म्हणून पावसात उघडंच फिरण्यासारखं झालं.

मग करायचं काय? हॉस्टेलाइट्ससाठी आधी. आज रात्री जेवण झालं की आपल्या लॅपटॉपचं एन्क्रिप्शन चालू आहे का बघा. २०२१ मध्ये आलेल्या विंडोज ११ ला टीपीएम २.० लागतेच, आणि २०२४ च्या आवृत्तीपासून बऱ्याच नव्या मशीनवर एन्क्रिप्शन आपोआप चालू होतं. चालू असेल तर घाबरून बंद करू नका. रिकव्हरी की कोणत्या खात्यात आहे ते शोधा, खातं आपलंच आहे ना याची खात्री करा, आकडा कागदावर लिहा आणि तो कागद घरी पाठवा. आईच्या कपाटात दागिन्यांच्या डब्याखाली ठेवायला सांगा. लिनक्सवाल्यांनो, डिस्कच्या एन्क्रिप्शनला एकापेक्षा जास्त किल्ल्या देता येतात. एक चिपकडे द्या, दुसरी लांबलचक पासफ्रेज कागदावर. आणि एन्क्रिप्शन म्हणजे बॅकअप नव्हे, तो वेगळा घ्या. (हा दुसरा फुकट सल्ला, महागात शिकलेला.)

आता थोडं धीर करून सर आणि मॅडमना. आमचे मार्क, जातीचे दाखले, बँक खाती, आधारच्या प्रती कॉलेजच्या मशीनवर असतात. त्या आमच्या आहेत, कॉलेज त्यांचं विश्वस्त. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानेही अशी माहिती सांभाळणाऱ्यावर ती सुरक्षित ठेवण्याची जबाबदारी टाकली आहे, आणि त्यात कसूर झाल्यास दंड अडीचशे कोटींपर्यंत जाऊ शकतो. त्यासाठी लाखोंचं सॉफ्टवेअर घ्यायची गरज नाही. ज्या सर्व्हरवर लिनक्स आहे आणि चिप आहे, तिथे ट्रस्टेड की वापरता येईल. पर्यायी किल्ली दोन वेगळ्या सीलबंद पाकिटांत, दोन वेगळ्या कपाटांत, दोन जबाबदार व्यक्तींकडे ठेवता येईल. मॉनिटरवरची चिठ्ठी तेवढी काढून टाकावी, ही नम्र विनंती! आणि हे काम आम्हा मुलांना मिनी-प्रोजेक्ट म्हणून दिलंत तर आम्ही आनंदाने करू. रेल्वे रिझर्व्हेशन सिस्टिम आणि लायब्ररी मॅनेजमेंट आता पुरे झालं.

रूममेटने नवीन लॅपटॉप नाही घेतला, तोच वापरते, डिस्क पुसून. या वेळी एन्क्रिप्शन तिने स्वतः चालू केलं. आकडा दोन कागदांवर लिहिला. एक तिच्या घरी राहुरीला गेला, एक माझ्या पेटीत आहे, गोदरेजच्या कुलपाखाली. परवा मी तिला गंमतीने विचारलं, "माझ्यावर एवढा विश्वास?"

ती म्हणाली, "विश्वास-बिश्वास काही नाही, तू विश्वस्त आहेस. पेटीची किल्ली हरवलीस तर हिशोब मागीन!"